तलाव गळतो की पाझरतो?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावचा निवृत्त शिक्षक आहे. गावाच्या वरच्या अंगाला नाल्यावर बांधलेला एक पाझर तलाव आहे. गेली तीन वर्षे दिवाळी सरली की त्याचे पाणी झपाट्याने उतरते आणि पाळीच्या खालच्या बाजूस, बाभळींजवळ, सदा चिखल असतो. ग्रामसभेने तक्रार करायचे ठरवले आणि अर्ज लिहिण्याचे काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आले. मी लिहिले, ‘गावचा तलाव गळत असून पाणी वाया जात आहे.’ दोन महिन्यांनी कार्यालयाचे उत्तर आले, ‘सदर तलाव हा पाझर तलाव असल्याने त्यातून पाणी पाझरणे अभिप्रेत आहे.’ तेव्हापासून गावातली पोरे मला पाहिले की ‘गुरुजी, तलाव पाझरून रायला’ असे म्हणून हसतात. माझा शब्द चुकला का? गळणे, पाझरणे आणि झिरपणे यांत खरोखर फरक आहे, की ती एकाच क्रियेची तीन नावे आहेत?

उत्तर : गुरुजी, आपला शब्द चुकलेला नाही. कार्यालयाचा शब्दही शब्द म्हणून बरोबरच आहे. फक्त आपल्या मनात पाळ होती आणि उत्तर तलावाच्या तळाविषयी आले. उत्तर लिहिणाऱ्याने तलाव पाहिला होता की फाइलवरचे नाव तेवढे वाचले होते, हे या सदराला ठरवता येणार नाही. परंतु ज्या फटीतून तो निसटला ती फट आपल्या वाक्यात होती, आणि म्हणून हा प्रश्न सविस्तर घेण्याजोगा आहे.

आधी गळणे घेऊ. मराठीत गळण्याला दोष चिकटलेला आहे आणि त्याची साक्ष व्याकरणच देते. गळण्यापासून ‘गळका’ हे विशेषण होते, जसे फुटण्यापासून फुटका, रडण्यापासून रडका, सडण्यापासून सडका. हा ‘का’ ज्याच्या शेपटाला लागतो त्याची खोड किंवा खोट सांगतो. गळकी बादली, गळका नळ, गळके छप्पर असे आपण सहज म्हणतो. ‘पाझरका’ किंवा ‘झिरपका’ हे शब्द मात्र मराठीने घडवलेच नाहीत. जी वस्तू पाणी धरून ठेवण्यासाठी किंवा बाहेर रोखण्यासाठी केली ती एखाद्या ठिकाणी हरली, की ती गळते. आमच्या कवेलूच्या घरात मृगाआधी कवेलू फेरून घेतले नाहीत, तर पहिल्याच जोराच्या पावसात चुलीजवळच्या कोपऱ्यात थेंब सुरू होत आणि आई तिथे पितळेचा गंज ठेवून देई. गंजात पडणाऱ्या थेंबांच्या आवाजावरून पाऊस वाढला की उतरला हे आम्हाला अंथरुणातच कळत असे. त्या जागेला घरात दुसरे नावच नव्हते. ‘सरपण गळते तिथं ठेवू नको’ म्हटले की सर्वांना जागा समजत असे. त्याच घराची पावसाकडची मातीची भिंत मात्र निराळ्या रीतीने ओली होई. तिथे थेंब नव्हता, आवाज नव्हता. श्रावण अर्धा झाला की आतल्या बाजूने सारवणाचा रंग गडद होत जाई आणि हात लावला तर हाताला गारवा लागे. त्या भिंतीला ‘गळते’ असे कोणी कधीच म्हटले नाही. तिच्यातून पाणी झिरपत होते.

गळणे हा शब्द द्रवापुरता बांधलेलाही नाही. पाने गळतात, केस गळतात, आंब्याचा मोहर गळतो, आणि शाळेच्या पटावरची मुले गळली की अहवालात तिला गळती म्हणतात. जिथे असायला हवे तिथून सुटून खाली जाणे, एवढाच त्याचा गाभा आहे. पाझरणे आणि झिरपणे यांना असा पसारा नाही. शब्दशः अर्थाने ती द्रवाचीच क्रियापदे आहेत, आणि माया पाझरते किंवा बातमी झिरपते असे आपण म्हणतो तेव्हाही मनापुढे चित्र पाण्याचेच असते.

पाझरणे हा शब्द जुन्या घराण्यातला आहे. संस्कृतात ‘क्षर्’ म्हणजे झरणे, झिजणे. जे झरत नाही, झिजत नाही ते ‘अक्षर’, म्हणजे आपण दोघांनी ज्याच्यावर आयुष्य काढले तो शब्द या कुळातलाच निघाला. त्याच धातूला ‘प्र’ लागून प्राकृतात ‘पज्झर’ झाले आणि तिथून आपला पाझर आला. ‘प्र’मध्ये पुढे येणे, बाहेर येणे आहे, आणि तो अर्थ मराठीने आजवर सांभाळला आहे. पाझरणे म्हणजे आतले पाणी अंगभर वाट काढत पृष्ठभागावर येणे.

उन्हाळ्यात बाजारातून आणलेला नवा माठ भरून तिवईवर ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावा. त्याच्या पोटावर सगळीकडे सारखा दमटपणा असतो; बोट फिरवले तर ओले होते, पण अमुक ठिकाणाहून पाणी येते असे बोट ठेवून दाखवता येत नाही. भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर येते, वाऱ्याने त्याची वाफ होते, आणि त्या वाफेला लागणारी उष्णता माठातून आणि आतल्या पाण्यातून घेतली जात असल्यामुळे पाणी गार राहते. काही उन्हाळे गेले की पाण्यातले क्षार त्या छिद्रांत बसतात, माठ पाझरेनासा होतो आणि त्यातले पाणीही पूर्वीसारखे गार होईनासे होते. म्हणजे माठ पाझरत नसेल तर तो जुना झाला. उलट नव्या माठाच्या बुडाशी एकच काळपट रेघ उमटली आणि तिच्या टोकाशी थेंब धरू लागला, तर तो माठ गळका आहे आणि कुंभाराकडून बदलून आणणे योग्य. पाणी तेच, माती तीच. पाझरला तर गुण आणि गळला तर दोष.

आता झिरपणे. याची गंमत अशी की ते कोणाकडेच बोट दाखवत नाही. ‘नळ गळतो’ आणि ‘पाणी गळते’ अशी दोन्ही वाक्ये चालतात, तसेच ‘माठ पाझरतो’ आणि ‘पाणी पाझरते’ हीही चालतात. झिरपणाऱ्याच्या जागी मात्र सहसा पाणीच बसते; ‘माठ झिरपतो’ म्हटले की कान अडखळतो. झिरपणे हे प्रवासाचे क्रियापद आहे: मातीच्या कणाकणांतून, कापडाच्या धाग्याधाग्यांतून पाणी पुढे सरकत राहते, आणि ते कुठून निघाले नि कोणाच्या हयगयीने निघाले याबद्दल हा शब्द मौन पाळतो. ज्यांना जबाबदारी ठरवायची नसते त्यांच्या लेखणीला तो फार मानवतो. ‘पाणी झिरपल्यामुळे भिंत ओली झाली’ या वाक्यात गच्ची कोणी बांधली हा प्रश्नच उरत नाही.

आता आपल्या तलावाकडे येऊ. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर महाराष्ट्रात गावोगाव पाझर तलाव झाले. अशा तलावाला कालवा नसतो. नाल्याचे पाणी अडवायचे, ते तळातून खाली जाऊ द्यायचे, आणि मुरुमातून व खडकाच्या भेगांतून खालच्या अंगाच्या विहिरींना पोहोचवायचे, एवढेच त्याचे काम. विदर्भाच्या उन्हात एप्रिल-मे महिन्यांत उघड्यावर उभे राहिलेले पाणी विहिरींपेक्षा आभाळाकडेच जास्त जाते, आणि म्हणून ऊन तापण्याआधी रिकामा झालेला पाझर तलाव हा पुष्कळदा काम फत्ते केलेला तलाव असतो. आपल्या पत्रातला ‘पाणी झपाट्याने उतरते’ हा भाग त्यामुळे एकट्याने तक्रार ठरत नाही. खालच्या वावरांतल्या विहिरींची पातळी त्याच दिवसांत टिकून असेल, तर तलाव आपले नाव राखत आहे, हे मान्य करावे लागेल. याची दुसरी बाजू अशी की जो पाझर तलाव मेपर्यंत तुडुंब दिसतो आणि ज्याचे छायाचित्र कौतुकाने काढले जाते, त्याचा तळ बहुधा गाळाने बुजलेला असतो. गाळ हा शब्दही गळण्याच्याच घरातला आहे. गळणेपासून गाळणे, गाळण्यापासून गाळणी आणि गाळ. गळण्याच्या या वंशजानेच पाझर बंद करावा, हा भाषेतला एक छोटासा सूड म्हणावा लागेल.

पाळीची गोष्ट वेगळी. तळाने पाणी सोडायचे असते आणि पाळीने धरायचे असते. मातीची कोणतीही पाळ काचेसारखी कोरडी राहत नाही, ती थोडीफार ओलावते, आणि चांगल्या बांधकामात पाळीच्या पायथ्याशी वाळू-खडीचा थर व चर ठेवून त्या पाण्याला वाट दिलेली असते. तिथून येणारे थोडे, स्वच्छ पाणी भिण्यासारखे नसते. धोका सुरू होतो तो पाण्याबरोबर माती बाहेर येऊ लागते तेव्हा. वाळलेल्या झाडाची कुजलेली मुळे, उंदीर-घुशींची बिळे, नीट न चोपलेला मातीचा थर, अशा एखाद्या वाटेने पाणी घुसते, कणकण माती घेऊन बाहेर पडते, वाट रुंदावते, आणि बाहेरून धडधाकट दिसणारी पाळ आतून पोखरली जाते. आपण उल्लेखलेल्या बाभळी खालच्या अंगालाच आहेत की पाळीवरही चढल्या आहेत, हे अवश्य पाहावे.

त्यासाठी उपकरण लागत नाही. चिखलाजवळ हातभर नाली करून पाणी वाहते करावे, काचेच्या बाटलीत ते भरून रात्रभर न हलवता ठेवावे आणि सकाळी बुडाशी माती बसली आहे का ते पाहावे. तलावाची पातळी साधारण तेवढीच असताना बाहेर येणारे पाणी आठवड्यागणिक वाढते का, हेही तारखेनिशी वहीत टिपावे. पाणी गढूळ असेल, तर अर्जाच्या उत्तराची वाट न पाहता त्याच दिवशी तहसीलमध्ये समक्ष जाऊन सांगावे आणि पाळीखालच्या वस्तीलाही सावध करावे.

आणि पुढच्या अर्जात कर्ता बदलावा. ‘तलाव गळतो’ असे लिहिले की तलावाच्या नावातला पाझर उत्तर देणाऱ्याच्या मदतीला धावतो. ‘तलावाची पाळ खालच्या बाजूस अमुक तारखेपासून गळत असून बाहेर येणारे पाणी गढूळ आहे’ असे लिहिले, तर ‘पाळ गळणे अभिप्रेत आहे’ असे उत्तर लिहिण्याचे धाडस कोणी करणार नाही. पोरांनाही सांगावे, ‘तलाव पाझरून रायला, पाळ गळून रायली.’

प्रश्न : वाशीम जिल्ह्यातून कृषी पदविकेच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ या घोषणेतले जिरवणे हे झिरपवणेचेच बोली रूप आहे का, आणि तिथे ‘मुरवा’ का म्हटले नसावे.

उत्तर : ‘जिर’ आणि ‘झिर’ कानाला जवळचे वाटले तरी त्यांचे कूळ एक नाही. झिरपणे हे झरणे-झिरणे या कुळातले मानतात. जिरणे हे ज्या धातूपासून ‘जीर्ण’ झाले त्याच्यापासून आले आहे आणि त्याचा मूळ अर्थ पचणे असा आहे. अन्न जिरते, औषध अंगात जिरते आणि एखाद्याचा माजही जिरतो. म्हणून ‘पाणी जिरवा’ या दोन शब्दांत जमिनीला पोट आहे, आणि तिने पाणी नुसते गिळायचे नसून पचवायचे आहे. सरकारी घोषणांमध्ये इतकी नेमकी मराठी क्वचित सापडते.

मुरणे म्हणजे आत राहून त्या वस्तूचे होऊन जाणे. लोणचे मुरते, मुरलेला राजकारणी असतो. ‘पाणी कुठेतरी मुरते आहे’ याचा मराठीत रूढ अर्थ तुम्हाला ठाऊक आहेच. बंधाऱ्यांच्या कामांविषयी पारावर आधीच जे बोलले जाते ते पाहता, घोषणा करणाऱ्याने ‘पाणी मुरवा’ हे शब्द टाळले ते बरेच केले.

तुमच्या अभ्यासाच्या दृष्टीने माझी सूचना अशी आहे की पाणी पृष्ठभागातून आत शिरते तिथे जिरणे, आत शिरल्यावर खाली सरकत जाते तिथे झिरपणे, आणि नको असलेले पाणी शेतातून निघून जाते तिथे निचरा, असे शब्द वाटून वापरावेत. हे वाटप नियम म्हणून कुठे लिहिलेले नाही, पण शेतकरी बोलताना साधारण असेच करतो. जिरण्याचा वेग जमिनीवर किती अवलंबून असतो हे आकड्यांनी सांगायचे तर भारी चिकण जमिनीत तो तासाला साधारण १ ते ५ मिलिमीटर असतो आणि वाळूत ३० मिलिमीटरांच्या वर जातो. आपल्या काळ्या मातीचे वागणे त्यातही दुहेरी आहे. उन्हाळ्यात तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून घटाघट खाली जाते. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि पुढचा पाऊस जिरण्याऐवजी वावरात उभा राहतो किंवा धुरा फोडून नाल्याला लागतो. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर जमीन जड आणि खालचे पाणी खारट, त्यामुळे तिथला शेतकरी पाणी जिरवण्यापेक्षा शेततळ्यात साठवण्याकडे वळतो.

पूर्व विदर्भात धानाच्या बांधीपाशी हीच घोषणा उलटी होते, हेही लक्षात ठेवावे. तिथे रोवणीपूर्वी चिखलणी करतात ती पाणी जिरू नये म्हणूनच, आणि बांधीच्या पारीला खेकड्याने भोक पाडले की शेतकरी ते चिखलाने बुजवायला धावतो.

प्रश्न : गडचिरोली जिल्ह्यातील एका आशा सेविकेने लिहिले आहे की नोंदवहीत ‘स्राव’ हा एकच शब्द असतो, तर घरोघरी बायका निरनिराळे शब्द वापरतात. त्यांतून नेमके काय समजावे आणि काय लिहावे?

उत्तर : ताई, स्राव हा ‘स्रु’ म्हणजे वाहणे या धातूपासून झालेला शब्द आहे आणि शरीरातून बाहेर येणाऱ्या कोणत्याही द्रवाला तो लावता येतो. हीच त्याची सोय आहे आणि हीच अडचण. त्यामुळे नोंद करताना स्राव लिहून तिथे थांबू नये. रंग, दाटपणा, वास आणि केव्हापासून, हे पुढे लिहावे. बाईने वापरलेला शब्दही जसाच्या तसा लिहून ठेवावा, कारण पुष्कळदा त्यात रोगाची खूण असते. ‘लस येते’ म्हणजे पातळ व पिवळसर, ‘पू येतो’ म्हणजे दाट, ‘कान वाहतो’ म्हणजे सतत, ‘पट्टीतून रक्त झिरपले’ म्हणजे जखम अजून बंद झालेली नाही, आणि ‘अंगावरून पांढरे जाते’ म्हणजे जे तुमच्या वहीत श्वेतप्रदर म्हणून छापलेले असते ते.

एका ठिकाणी मात्र आपली भाषाच फसवते, आणि ते ठिकाण जिवाशी निगडित आहे. गरोदरपणात गर्भाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीला आपण पाणमोट म्हणतो आणि ती ‘फुटते’ असे म्हणतो. विहिरीवरची चामड्याची मोट फुटली तर सगळे पाणी एकदम जाईल, हे चित्र या शब्दांत बसलेले आहे. त्यामुळे ‘पाणमोट फुटली का?’ असे विचारले, तर जिचे पाणी दोन दिवसांपासून थोडेथोडे झिरपते आहे ती बाई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. तिला वाटते लघवीचा थेंब जात असेल. कळा सुरू होण्याआधी असे पाणी जात राहिले तर आईला आणि बाळाला जंतुसंसर्गाचा धोका असतो, आणि दिवस भरलेले असोत वा नसोत, तिला त्याच दिवशी दवाखान्यात नेणे आवश्यक असते. तेव्हा फुटण्याविषयी न विचारता ‘आतले कपडे सारखे ओले होतात का, उठता-बसता पाणी जाते का?’ असे विचारावे. पाणी हिरवट किंवा रक्तमिश्रित असेल, तर तासाचाही उशीर करू नये.

प्रश्न : वरूड भागातील एक संत्रा उत्पादक विचारतात की झाडाच्या बुंध्यातून डिंक येतो त्याला गळणे म्हणावे की पाझरणे. ‘शब्दात काय अडले आहे, असे घरचे म्हणतात,’ असेही त्यांनी लिहिले आहे.

उत्तर : शब्दात औषध अडले आहे. दुकानात जाऊन ‘झाड गळून रायलं’ असे म्हटले, तर दुकानदार फळगळ समजतो आणि फळे देठाला धरून राहावीत म्हणून द्यायचे संजीवक काढून देतो. आपल्या झाडाला झाला आहे तो डिंक्या. तो फायटोप्थोरा नावाच्या बुरशीमुळे होतो, आणि त्यात बुंध्याची साल कुजून तिच्या भेगांतून डिंक पाझरतो, ओघळतो आणि वाळून तांबूस खडा होतो. ‘बुंध्याला डिंक पाझरतो’ एवढे सांगितले तरी जाणकाराला कळते. रोगट साल धारदार चाकूने खरवडून काढावी आणि त्यावर बोर्डो मलम लावावे. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी हे त्याचे प्रमाण आहे. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा, जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत, सर्वच झाडांच्या बुंध्यांना ते लावण्याची शिफारस आहे. ठिबकच्या नळ्या बुंध्याला चिकटून असतील तर त्या दूर सरकवाव्यात. बुंध्याशी ओल राहिली की या बुरशीचे फावते.

प्रश्न : अचलपूर तालुक्यातल्या, मेळघाटाच्या पायथ्याच्या एका गावातील प्राथमिक शिक्षिका लिहितात, ‘चौथीच्या एका मुलाने निबंधात लिहिले, “उन्हाळ्यात माझी आई झिऱ्यावर पाणी भरायला जाते.” मी लाल शाईने “झऱ्यावर” अशी दुरुस्ती केली. वर्गातली सगळी मुले म्हणाली की बाई, झिराच बरोबर आहे. शुद्ध रूप कोणते?’

उत्तर : बाई, मुले बरोबर आहेत. झरा आणि झिरा हे सख्खे शब्द असले तरी त्या दोन वस्तू आहेत. झरा आपण होऊन येतो. खडकातून, डोंगराच्या उतारावरून, कोणी बोलावले नसतानाही वाहतो. झिरा खोदावा लागतो. नाला आटला, वर नुसती वाळू राहिली, की बायका पात्रातली सखल जागा हेरून हाताने किंवा टोपल्याने वाळू उपसतात. आधी कोरडी, मग दमट, मग ओली वाळू लागते, आणि हातभर किंवा कंबरभर खोल गेले की खड्ड्याच्या कडांतून पाणी झिरपू लागते. पहिले पाणी गढूळ असते, ते उपसून फेकतात. मग खड्ड्याच्या तळाशी वाटीभर स्वच्छ पाणी जमते. ते वाटीने अलगद उचलून, कडेची वाळू ढासळू न देता, घागरीत ओतायचे आणि पुढची वाटी जमेपर्यंत थांबायचे. मागे दुसरी बाई आपली घागर घेऊन बसलेली असते.

झऱ्याखाली घागर धरली की ती आपोआप भरते. झिऱ्यावर आईला बसून राहावे लागते, आणि उन्हाळा चढत जातो तसे जास्त वेळ बसावे लागते. मुलाने एका वेलांटीत आईची ती सगळी सकाळ लिहिली होती. वहीतली लाल खूण खोडून मूळ शब्द पुन्हा लिहून द्यावा, ही विनंती.